कडीची सांडशी

माझ्या सासूबाई तुरीच्या धुऱ्यावरून घसरल्या आणि त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावरून त्या चाळीस वर्षं ये-जा करत होत्या, त्यामुळे चूक त्यांची असणं शक्यच नव्हतं. चूक धुऱ्याची होती, नव्या चपलांची होती, आणि थोडी माझीही, कारण चपला मी पुण्याहून आणल्या होत्या.

"तळ पाहून घेत जा वं," दवाखान्यात डॉक्टरांसमोर त्या मला म्हणाल्या. "नुसता रंग पाहून वस्तू घेनं म्हंजे..."

पुढचं बोलायच्या आत डॉक्टरांनी हाड बसवलं, म्हणून मी वाचले.

पण ते वाक्य मला लागलं, कारण वस्तू कशा दिसाव्यात आणि हातात कशा बसाव्यात हे ठरवणं हीच माझी नोकरी आहे. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी स्वयंपाकघरातल्या वस्तूंचं डिझाइन करते. गाळण्या, किसण्या, झारे, असलं. नवऱ्याला दारव्ह्याच्या कॉलेजात नोकरी लागली, तसे आम्ही जवळच्याच त्याच्या गावी, सासू-सासऱ्यांकडे राहायला आलो आणि मी कंपनीचं काम घरून करू लागले. माझं माहेर यवतमाळचं, दोन पिढ्या कचेरीत गेलेलं. आमच्याकडे सांडशी बिघडली की नवी आणायची, याच्यापलीकडे तिचा कोणी विचार केला नव्हता. इकडे सासरी तर माझं काम समजावून सांगणं हेच एक काम होऊन बसलं. सासूबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"तिले झाऱ्याची चित्रं काढाचा पगार भेटते."

"मंग झारा आनते का घरी?"

"नाही वं. नुसतं चित्र."

प्लॅस्टर निघालं. हात सरळ झाला, पण पकड गेली. भाकरी थापता येत होती, पीठ मळता येत होतं, पण एखादी वस्तू दाबून धरून ठेवणं काही जमेना. आणि स्वयंपाकघरात जिच्यावाचून चालत नाही अशी दाबून धरायची वस्तू म्हणजे सांडशी. प्लॅस्टर निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी चहाचा गंज, म्हणजे पातेलं, त्यांच्या हातून सुटला. दैव बरं म्हणून पाय वाचले. चहा ओट्यावरून खाली, खालून मोरीपर्यंत. बाहेर ओसरीत सासरे पेपर वाचत होते.

"काय पडलं?" त्यांनी विचारलं.

"नशीब!" आतून उत्तर गेलं.

त्यानंतर चहा मी करू लागले. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "पान्याले त नुसती पत्ती दाखोली." दुसऱ्या दिवशी काही बोलल्याच नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी, स्वतः भाजी फोडणीला घालून, अगदी हळू आवाजात त्यांनी मला हाक मारली, "जरा गंज उतरवून देशीन का?" मी धावले. त्यांचं टोचून बोलणं मला झेपत होतं, त्याची सवय होती. हे विनंती करणं मात्र मला अजिबात झेपलं नाही. त्याच दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

आधी घरातच होता तो उपाय करून पाहिला. आमच्या कंपनीची एक नमुन्याची सांडशी माझ्या कपाटात पडून होती. दांड्यांवर नारिंगी रबर, मध्ये स्प्रिंग. दिसायला इतकी गोजिरी की तिला पाळण्यात घालावं. सासूबाईंनी ती हातात घेतली, दाबली, सोडली. पुन्हा दाबली.

"ही त माह्या हातासंग कुस्ती खेळून राह्यली."

खरंच होतं. स्प्रिंग सांडशीला सारखी उघडायला पाहत होती, म्हणजे दाबायचं काम कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. ही सांडशी मीच काढलेली आहे हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

मग मला शाळेतली तरफ आठवली. दांडा लांब केला की जोर कमी लागतो. मी पुठ्ठ्याची सांडशी कापली, मापं घातली आणि दारव्ह्याला जाऊन बाजाराच्या रस्त्यावरच्या एका लोहारदादांना कागद दाखवला. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि म्हणाले, "ताई, हे उसाचं कांडं धराले हाय का?" पण करून दिली. दोन वेळा मी त्यांच्या दुकानात तास-तासभर उभी राहिले आणि दोन्ही वेळा माझं सगळं लक्ष माझ्याच कागदावर होतं.

ती लांब सांडशी काम करायची, हे मी शपथेवर सांगते. दोन बोटांनी दाबली तरी भरलेला गंज उचलला जायचा. पण दांडे इतके लांब की वळायला जागा उरेना. पहिल्या उचलीला फळीवरचा मोहरीचा डबा गेला. दुसऱ्या उचलीला, चहा झाला का बघायला आलेल्या सासऱ्यांच्या पोटात दांडे बसले. ते पोट चोळत दोन पावलं मागे सरले.

"आता इथून पुढं दारातूनच विचारत जाईन," ते म्हणाले.

सासूबाई इतक्या हसल्या की गंज पुन्हा खाली ठेवावा लागला. हात मोडल्यापासून पहिल्यांदा त्या हसत होत्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "चाल. मीच येते त्या लोहाराकडं. तुमी दोघं कागदं पाहून राह्यले, माहा हात कोनी पाह्यलाच नाही."

बाजाराच्या दिवशी आम्ही जीपने निघालो. त्यांना पुढची सीट मिळाली. लांब सांडशी मांडीवर आडवी. मागच्या सीटवरच्या एका फेटेवाल्या आजोबांना राहवलं नाही.

"बाई, साप पकडाले चालल्या का?"

"नाही," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "चहा पकडाले. सूनबाईनं काढली."

दारव्हा येईपर्यंत ती जीप हसत होती. मी खिडकीबाहेर कपाशीची शेतं बघत बसले.

लोहारदादा डवऱ्याची पास, म्हणजे निंदणाच्या अवजाराचं पातं, ठोकत होते आणि त्यांची बायको हाताने पंखा फिरवून भट्टीला वारा घालत होती. सासूबाई एका पालथ्या डब्यावर बसल्या. भाव काय, पाऊस काय, पोरंबाळं किती, एवढं विचारून झालं आणि मग एकाएकी त्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की मला भीती वाटते. मी त्यांच्या नजरेच्या मागे गेले. त्या लोहारदादांच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. लाल झालेलं पातं त्यांच्या सांडशीत घट्ट होतं, पण हात मात्र सैल होता. बोटं नुसती टेकलेली.

"काहो भाऊ, हे दांड्याले काय घातलं?"

"कडी हाय, काकू."

सांडशीच्या दोन्ही दांड्यांभोवती मिळून एक लोखंडी कडी होती. लोखंड जबड्यात धरायचं आणि कडी मागे, दांडे फाकतात तिकडे सरकवायची. कडी जितकी मागे, तितकी पकड पक्की. उरलेलं काम कडी करते.

"दिवसभर दाबून धरलं त हात राहीन का यांचा?" लोहारदादांची बायको पंखा फिरवता फिरवता म्हणाली. "माह्या सासऱ्याच्या येळेपासून कडी हाय."

सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"तू किती वर्षं शिकली हे?"

"पाच."

"अन् कडी नाही शिकोली?"

"नाही."

त्या पुढे काही म्हणाल्या नाहीत. चारचौघांत सुनेचा पाणउतारा करू नये एवढं भान त्यांना आहे. घरी गेल्यावर मात्र सगळ्या आळीला सांगितलं. मी तेव्हा भट्टीसमोर उभी राहून स्वतःला विचारत होते की पकड, हात, जोर यांच्यावर मी केवढाली जाड पुस्तकं वाचली, आणि याच दुकानात दोनदा येऊन माझ्यापासून हातभर अंतरावर चाललेली ही गोष्ट मला दिसली कशी नाही.

दुपारपर्यंत लोहारदादांनी साध्या मापाची सांडशी केली, दांडे टोकाकडे जरा फाकवून. कडीही घातली. घरी येऊन बघतो तो कडी जड आणि धारदार. सासूबाई म्हणाल्या, कडी मी पाहते. पुढचे दोन दिवस घरातली एक कडी जागेवर राहिली नाही. जुन्या कुलपाची झाली, दाव्याची झाली, पडद्याचीही झाली. शेवटी कोठीतून त्यांनी बैलांच्या पोळ्याच्या साजाची पेटी काढली. बैल जाऊन ट्रॅक्टर आला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण साज त्यांनी कुणाला दिला नव्हता. त्यातली एक पितळी कडी निघाली, तीन बारीक घुंगरं लावलेली. ती दांड्यांत अशी बसली की जणू तिच्या मापानेच दांडे केले होते.

"आई, घुंगरं काढू आपण," मी म्हणाले. "त्यांत तेलकट घाण बसेल. शिवाय तापतील."

"राहू दे. वाजलं पाह्यजे."

"कायले?"

वऱ्हाडी मला अशा वेळीच येते.

"कडी बसली का नाही, हे मले कायनं समजन? डोळ्यात मोतीबिंदू हाय. बसली का छुन्न वाजते. नाही वाजली त समजाचं, गंज उचलाचा नाही." आणि मग दुसरीकडे बघत त्या म्हणाल्या, "अन् मले आवडते."

पहिलं कारण ऐकून मी वही उघडली. आमच्या धंद्यात अशा कारणावर दहा पानं लिहितात. दुसऱ्या कारणाला आमच्याकडे रकानाच नाही. मी दोन्ही लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून छुन्न वाजलं. मग सावकाश पावलांचा आवाज आला आणि सासूबाई वाफाळता गंज घेऊन, एकट्या, ओसरीपर्यंत आल्या. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. कप भरून घेतला. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं. चहा भेटला बापा एकदाचा." मी इतके दिवस काय देत होते, हे मी विचारलं नाही.

ही सांडशी मी कंपनीला दाखवायची ठरवली. व्हिडिओ कॉलवर साहेब आणि चार जण. लॅपटॉप ओट्यावर, बाजूला गॅसवर दूध. मी पकडीवर पाच मिनिटं बोलले. कडीचा विचार सांगितला, आवाजाचा विचार सांगितला. मग प्रात्यक्षिकासाठी दुधाचा गंज उचलला आणि बोलण्याच्या भरात कडी सरकवायला विसरले. अर्धा गंज दूध ओट्यावर आणि लॅपटॉपच्या बटणांवर. पडद्यावरची पाचही माणसं दचकून आपापल्या खुर्चीत मागे सरली, जणू दूध त्यांच्याच अंगावर चाललं होतं.

सासूबाई फडकं घेऊन आल्या आणि थेट कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आधी कडी सरकवाची! वाजली होती का? नाही वाजली न? मंग कायले उचलला?"

माझी कल्पना इतकी स्वच्छ मला पाच मिनिटांत मांडता आली नव्हती. साहेब हसत हसत म्हणाले, "काकू, छानच आहे. फक्त ते घुंगरू काढता येईल का?"

"काहून? तुमच्याकडं कोनाले ऐकू येत नाही का?"

कंपनीने पुढे ती सांडशी घेतली नाही. गिऱ्हाइकं कडी हरवतील, असं कळवलं. मला चार दिवस वाईट वाटलं. सासूबाईंना अजिबात वाटलं नाही, कारण तोवर आळीतल्या बायका आमच्या ओट्याशी येऊन छुन्न करून जात होत्या. गुडघेदुखीवाल्या, सांधे धरलेल्या, आणि ज्यांना काहीच झालेलं नव्हतं अशासुद्धा. लोहारदादांच्या बायकोने दुकानात एक तार बांधून तिच्यावर कड्या टांगल्या. पितळी, लोखंडी, साध्या, वाजणाऱ्या. सांडशी नवरा करायचा, पण कडी कोणती ते तिच्याकडे ठरायचं.

परवाच्या बाजारी आम्ही तिथे गेलो होतो. तांड्यावरची एक बंजारा बाई आली होती. स्वतःची कडी तिने घरूनच करून आणली होती, दोऱ्याने विणलेली, कवड्या आणि दोन जुनी घुंगरं लावलेली. लोहारदादांनी ती सांडशीत घातली. सासूबाईंनी ती मागून घेतली, डोळे मिटले, कानाशी धरून कडी दोनदा मागेपुढे केली. ती बाई, लोहारदादा, त्यांची बायको आणि मी, सगळे निकालाची वाट बघत उभे.

"जरा हळू वाजते," डोळे उघडून त्या म्हणाल्या. "चहाले चालन. दुधाले अजून एक घुंगरू लाव."