औषध न विकणारे मामाजी

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या मामेसासऱ्यांइतकं कमी औषध विकणारा औषधवाला झाला नाही आणि होणारही नाही. चाळीस वर्षं मेडिकल चालवलं, पण गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या तोंडाकडे असं बघायचे, जणू तो मुलगी मागायला आलाय. माणूस खरंच आजारी असला, तर चिठ्ठी घेण्याआधी स्टूल पुढे करायचे, पाणी द्यायचे, गोळी कशी घ्यायची ते तीनदा सांगून चौथ्यांदा त्याच्याकडून वदवून घ्यायचे. पण धडधाकट माणूस काही मागायला आला की संपलंच! एकदा कोचिंग क्लासचे एक सर डोकं तल्लख करायची गोळी मागायला आले. मामाजींनी विचारलं, "सर, झोपता किती?" "चार तास." "मंग गोळी कायले पायजे? आत जा, दिवाणावर आडवे व्हा." कपाटांमागे एक दिवाण होता, त्यावर सरांना झोपवलं आणि मोबाइल काढून घेतला. सर दोन तासांनी गालावर उशीचे वळ घेऊन उठले, तोवर क्लासची पोरं वाट पाहून घरी गेली होती. त्या दिवाणावर बँकेचे साहेब, इंजिनिअर, एकदा तर चक्क एक डॉक्टर घोरून गेलेत. मामी वैतागायच्या, "दुकान हाय का धर्मशाळा?"

मी वकील, म्हणजे स्वतःला शहाणा समजणारा. एका माळ्याच्या शेतरस्त्याची केस माझ्याकडे होती. शेजाऱ्यानं रस्ता अडवल्यामुळे त्या बिचाऱ्याला शेवंतीच्या टोपल्या डोक्यावर वाहून आणाव्या लागत. अमरावतीच्या एका वकील मित्रानं मला गोळ्यांचं पाकीट दिलं. "घे यार, सगळेच घेतात. झोप येत नाही, डोकं नुसतं पळते." पळालं खरं. युक्तिवादात मी चाळीस मिनिटं असा काही बोललो की माझं मलाच कौतुक वाटलं. शेवटी न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही वाचलेला हा निकाल तुमच्याच अशिलाच्या विरुद्ध आहे." वर दया म्हणून पुढची तारीख दिली. मी यातून काय शिकावं? की गोळी कमी पडली! पाकीट तर संपलेलं. भरदुपारी मामाजींचं दुकान गाठलं. घरचा माणूस, नाही कसं म्हणेल?

"कोण्या डाक्टरनं लिहून देल्ली?"

"मामाजी, मी काय बिमार आहे का?"

"थेच तं म्हणतो. ज्यायले बिमारी हाय, त्यायची गोळी हाय ते. तुमाले बिमारी नाई जावईबापू, तुमाले घाई हाय."

मी भर बाजारात बायकोच्या मामांवर ओरडलो. दुसरीकडून घेईन म्हणालो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग नाडी बघायला त्यांनी माझं मनगट धरलं आणि त्यांचा चेहराच उतरला. सख्ख्या पोरीच्या लग्नातही ज्यांनी अर्धं शटर उघडं ठेवलं होतं, त्यांनी ते धाडकन खाली ओढलं आणि मला स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं. छातीचे ठोके वाट्टेल तसे पडत होते. डॉक्टर म्हणाले, "अजून चार दिवस हेच चाललं असतं, तर वाचवणं अवघड होतं." मामाजी बाहेर बाकावर टोपी हातात धरून बसले होते. मला बघून एवढंच म्हणाले, "भाचीले सांगत नाई मी. पण पुन्हा घेसान तं सांगीन."

पुढच्या तारखेला मी सावकाश, कागदात बघत, दोनदा अडखळत बोललो. माळ्याचा रस्ता मोकळा झाला. मामाजींना सांगायला गेलो, तर "बरं झालं" म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. नंतर सहा वर्षं लग्नाबारशात भेटत राहिलो. त्या दुपारबद्दल त्यांच्याकडून एक शब्द नाही, साधी डोळ्यांची खूणही नाही. आणि मी? घरच्या माणसाचे आभार काय मानायचे, असं म्हणून आपली लाज झाकत राहिलो.

यंदा ते गेले. तेरवीच्या दिवशी सतरंजीवर बसल्या बसल्या मला रडू आवरेना. बायको जवळ सरकून हळूच म्हणाली, "मामा माझे होते ना? तुमी काहून एवढे रडून राहिले?" मग तिथंच, चारचौघांत, तिला सगळं सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग ती माझ्यापेक्षा मोठ्यानं रडू लागली.