पाडायची भिंत

आमच्या ताईने आयुष्यभर मुलांना भिंती बांधायला शिकवलं आणि दर वर्षी त्या पाडायला लावल्या. हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू वेड तिला नाही, मलाच लागलंय. मी तिची धाकटी बहीण, जन्मभर दोघी एका घरात राहिलो, तेव्हा मलाही थोडं लागलं असेल. ते जाऊ दे, ऐका.

विद्यापीठाचा बांधकाम विभाग सुरू झाला तो कॅन्टीनच्या मागच्या दोन खोल्यांत. पत्र्याचं छप्पर, तडकलेला फळा. मागे अंगण मात्र ऐसपैस होतं, आणि विभाग सुरू करणाऱ्या मोठ्या सरांचा सगळा जीव त्या अंगणात. त्यांनी नियम घातला: पहिल्या वर्षाच्या मुलांनी तिथे कमानीच्या दारासकट भिंत बांधायची आणि वर्ष संपलं की आपल्याच हातांनी ती उतरवायची. विटा खरवडून पुढच्या मुलांसाठी रचून ठेवायच्या. म्हणून भिंत नेहमी चुन्यात बांधायची. चुना विटेला सोडतो, वीट साबूत निघते. सिमेंट सोडत नाही, वीटच फुटते.

पहिल्या तुकडीत ताई एकटी मुलगी. मोठे सर म्हणाले, "तू नकाशे काढ, विटा मुलं उचलतील." ताईने थापी उचलली आणि सरळ कमानीपाशी जाऊन बसली. संध्याकाळी घरी आली तर चुन्याने बोटं सोललेली. आई म्हणाली, "उद्यापासून जायचं नाही."

"उद्या कमान पुरी करायचीय," ताई म्हणाली. झालं! आमच्या घरात विषय असेच संपायचे.

पण भिंत उतरवायची वेळ आली तेव्हा हीच बया ढसाढसा रडली. मोठे सर शेजारी येऊन म्हणाले, "रड, पण हात चालू ठेव. ही वीट पुढच्या पोराला लागणार आहे." ते तिने घरी येऊन मला सांगितलं, आणि पुढे इतक्यांदा सांगितलं की मला पाठच झालं.

ती तिथेच शिकवायला लागली, तिथेच विभागप्रमुख झाली. विभागाला नवी इमारत मिळाली, लिफ्ट आली, कॉम्प्युटर आले. अंगणातल्या विटा बहुतेक त्याच राहिल्या. लग्नाचं काढलं की ताई म्हणायची, "भिंत उतरू दे, मग बघू." भिंत दर वर्षी उतरली, बघायचं तेवढं राहून गेलं.

ती निवृत्त व्हायच्या वर्षी नवे कुलगुरू आले. त्यांना गाड्या लावायला अंगण हवं होतं. म्हणाले, "मॅडम, भिंत आता कॉम्प्युटरवरही बांधता येते."

"राहाल का तिच्या आडोशाला?" ताईने विचारलं. जिभेला हाड नाही बाईच्या! कुलगुरू हसले, पण वर्षअखेरीला स्वतः येऊन काय ते ठरवतो म्हणाले. त्या दिवसापासून ताईचा डोळ्याला डोळा नाही. "मी गेले की डांबर ओततील बघ," एवढं एकच पालुपद.

त्यातच तिचा पाय मुरगळला आणि ती घरी बसली. भिंत अर्धीच झाली होती. कुलगुरू यायच्या दिवशी मीच तिला हाताला धरून घेऊन गेले. पाहते तो काय, भिंत अशी देखणी उभी की बघत राहावं! कुलगुरूही खूश. म्हणाले, "ही कशाला पाडायची? राहू दे. बाजूने गाड्या लावू आणि भिंतीवर तुमच्या नावाची पाटी लावू."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या कानात म्हटलं, "घे गं बाई, निदान नाव तरी राहील!"

ताईचं लक्षच नव्हतं. तिने सांध्यावर नख घासलं. वरवरचा चुना निघाला, आतलं काही सुटेना. "हे काय केलंत?" तिचा आवाज चिरकला.

एक मुलगी पुढे आली. "सिमेंट घातलं, मॅडम. वरून चुना लावला. ही कुणाला पाडताच येऊ नये म्हणून..."

अहो, माया आंधळी असते म्हणतात ना, तसं केलं कार्ट्यांनी! तिची भिंत वाचवायला गेले आणि तिच्याच विटा चिणून बसले. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने हातोडा मागून घेतला आणि घाव घातला. वीट दोन तुकडे होऊन खाली पडली. तिच्या पहिल्या कमानीतलीही असेल, कुणाला ठाऊक. मग कुलगुरूंना म्हणाली, "साहेब, मला पाटी नको. अंगण हवंय."

"पण मॅडम, आता विटाच उरल्या नाहीत. पुढची मुलं बांधणार कशाने?"

ताईने मुलांकडे बघितलं. "ज्यांनी सिमेंट घातलं ते बघतील."

कुलगुरू म्हणाले, "एक वर्ष देतो. विटा नव्या मागवा. पुढच्या वर्षी भिंत उतरून विटा साबूत निघाल्या तर अंगण तुमचं. नाहीतर माझ्या गाड्या."

पोरं सुट्टीत घरी गेली नाहीत. रडत रडत भिंत फोडली, तुकडे कुटून लाल भुकटी केली, चाळली आणि पोती भरून ठेवली. ती सुरखी पुढच्या भिंतीच्या चुन्यात मिसळायची होती. ताई निवृत्त झाली. अंगणात पाऊल टाकायचं नाही म्हणाली. "त्यांची भिंत आहे, मी काय उरावर बसू?" आणि वर्षभर घरात येरझाऱ्या घालून माझं डोकं उठवलं.

भिंत उतरवायच्या दिवशी तिने मला पाठवलं. मी परतले तर ही दारातच उभी.

"पाडली?"

"पाडली."

"सांधे?"

"लाल होते. तुझ्या विटांची भुकटी ना! हाताने खरवडले तरी गळत होते."

"आणि विटा?"

"साबूत गं. शेवटची वीट कुलगुरूंनी स्वतः नेऊन रचली. म्हणाले, मॅडमना सांगा, गाड्या बाहेर लावतो."

ताई दाराला टेकली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. मी पुढे झाले, तर मला हाताने अडवलं.

"मी रडते, तू हात चालू ठेव," म्हणाली. "चहा टाक."