पहाटे पाच ते सहा

"बाटलीत लघवी द्यायची लाज वाटली, का अंगात औषध होतं म्हणून पळालीस?"

लातूरच्या धावपटू संघटनेच्या कार्यालयात अध्यक्षांनी हे विचारलं तेव्हा सात पुरुष बसले होते. कोणीतरी हसलं. सहा वर्षं मला धावायला शिकवणारे माझे सर चहा ढवळत होते. मी उभी.

मी पळाले नव्हते. निलंग्याला घरी गेले होते. सरांना विचारून.

परदेशातल्या स्पर्धेच्या यादीत नाव आलं की खेळाडूनं रोजचा पत्ता आणि एक तास कळवायचा असतो. उत्तेजक औषधांचे तपासणीवाले न सांगता येतात. त्या तासाला तुम्ही सापडला नाहीत तर एक चूक. वर्षात अशा तीन झाल्या की बंदी, अंगात काही सापडो न सापडो. नियम वाईट नाही. औषधं टोचून पळणाऱ्यांनी माझी दोन पदकं खाल्लीत.

पण आमच्या हॉस्टेलवर पोरींचे मोबाइल सरांच्या कपाटात. मोबाइलनं पोरी बिघडतात म्हणे. आम्हालाही ते खरं वाटायचं. सगळ्यांची माहिती सरच भरायचे: हॉस्टेल, पहाटे पाच ते सहा.

त्या वर्षी बापाचा पाय मोडला. बाप सालगडी. सालगडी अंथरुणाला खिळला तरी मालकाचं काम थांबत नाही, घरातल्या कुणीतरी राबायचं. मी तीनदा आठ-आठ दिवस जाऊन राबले. तिन्ही वेळा तपासणीवाले हॉस्टेलवर येऊन परत गेले. पहिल्या दोन नोटिसा मोबाइलवर आल्या, म्हणजे कपाटात. तिसरी पोस्टानं घरी आली, तेव्हा कळलं. अध्यक्षांची पुतणीही आमच्याबरोबर धावायची. ती घरी गेली की सर तिचा पत्ता न चुकता बदलायचे.

नोटीस आल्यापासून मी पहाटे पाचला दचकून उठते. सहापर्यंत दाराशी बसते. कुणी येणार नसतं. तरी कुत्रं भुंकलं की उठून कडी काढते. डोळा लागला की तेच स्वप्न. बाहेरून कुणीतरी माझ्या नावानं दार वाजवतंय, मी आतच आहे, आणि सर सांगतायत, ती इथं नाही. मला ओरडता येत नाही.

त्या दिवशी कार्यालयात सरांनी कागद पुढं केला. 'मी कुणालाही न सांगता हॉस्टेल सोडले.'

"सही कर. शिक्षा कमी करायला मी सांगतो."

सोबत आलेल्या आईनं माझा दंड धरला. "कर बाई. सरांनी लई केलंय तुझ्यासाठी."

केलं होतंच. म्हणून तर पेन उचललंही. मग कागदावरचं माझं नाव पुन्हा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"खोटं हाय हे. मी सही करणार न्हाई. सर, माझा मोबाइल द्या."

"माज आला का गं?" अध्यक्ष म्हणाले.

"हाव, आला."

दोन वर्षांची बंदी लागली. आशियाई स्पर्धा गेली. मी अपील केलं. त्यात कपाट लिहिलं, पुतणीचा पत्ता लिहिला, सरांचं नाव पूर्ण लिहिलं.

आई रोज म्हणते, "अर्ज मागं घे. न्हाईतर पुन्हा कुणी पळू देणार न्हाई तुला."

नाही देणार, मलाही कळतं. अर्ज मागं घेणार नाही.