नजमुद्दीनचे कान

रेवदंड्यात नजमुद्दीनला सोंगाड्या म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. मी तिथल्या शाळेत मास्तर. बहिरा माणूस ओरडून बोलतो, एवढं माझं ज्ञान. आणि हा बोलायचा ते अगदी हळू, कानगोष्ट सांगितल्यासारखं. एकदा वाण्याच्या दुकानात मी मुद्दाम त्याच्या पाठीमागे परातीवर पळी बडवली. त्याने मान वळवली नाही. मी मनात म्हटलं, सोंग भलतंच पक्कं आहे!

सोंग कसलं? १९१७ साली, मोठ्या लढाईत, तो मालवाहू आगबोटीवर खलाशी होता. शिपाई नव्हे, साधा पगारी माणूस. समुद्रात पेरलेला सुरुंग बोटीखाली फुटला. मांडीत लोखंड घुसलं, दोन्ही कानांतून रक्त आलं. लढाई संपली, पण ह्याच्या अंगात ती मुक्कामाला राहिली. पावसाळ्यात कान वाहायचे, डोक्यात सतत शिट्टी वाजायची, उठताना भोवळ यायची. लोखंडाची शेवटची कपची मांडीतून बाहेर पडली ती नऊ वर्षांनी. वरातीतल्या फटाक्यांचा नुसता उजेड दिसला तरी हा बाजेखाली. अलिबागच्या डॉक्टरांनी कान तपासले, पडदे फाटलेत म्हणाले आणि हात टेकले.

त्याची मुलगी मासूमा सुरुंग फुटल्यानंतर वर्षाने जन्मली. तिचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. त्याची बायको गुलबानू सांगायची, पोर बोलायला लागली तेव्हा हा तिच्या गळ्यावर बोटं ठेवून बसायचा.

लढाईपूर्वी थोरल्या भावाच्या, करमअलीच्या होडीवर मासळी ऐकायचं काम नजमुद्दीनचं होतं. घोळ, ढोमा ही मासळी पाण्याखाली थव्याने कुरकुरते. वल्हं पाण्यात उभं धरायचं, वरच्या टोकाला कान लावायचा आणि कुरकुर आली की जाळं सोडायचं. कान गेल्यावर करमअलीने त्याला जाळं ओढायला बसवलं. बहिऱ्याच्या हाती ऐकायचं वल्हं कोण देणार? त्यानेही ते कधी मागितलं नाही. सतरा वर्षं!

चौतीस साली मासूमाचा निकाह आगरदांड्याच्या मुलाशी ठरला. नजमुद्दीनच्या घरची रीत अशी, की निकाहाआधी बाप पडद्याशी जाऊन मुलीला तीनदा विचारतो, कबूल आहे का? ती दोनदा लाजून गप्प राहते, तिसऱ्यांदा हो म्हणते. वडीलधाऱ्यांनी ठरवलं, विचारणाऱ्याला उत्तर ऐकू यायला हवं, तेव्हा करमअलीच विचारील. नजमुद्दीन माझ्याकडे आला.

"मास्तर, पोर माजी हाय. तिचा हो दुसऱ्याने आयकायचा?"

मी पाटीवर लिहिलं, ती मान हलवील, तू बघ.

"मदी परदा हाय ना," तो म्हणाला. पाटी पुसताना मला स्वतःचीच चीड आली.

निकाहाच्या दिवशी उजाडताच दोघे भाऊ जेवणावळीसाठी मासळी आणायला गेले. करमअली वल्ह्याला कान लावून कंटाळला होता. तेवढ्यात नजमुद्दीनला भोवळ आली. पडू नये म्हणून त्याने तेच वल्हं मिठीत धरलं आणि लाकडात दात रोवले. आणि क्षणभराने तो ओरडला, "ढोमा! खाली ढोमा हाय!"

करमअलीने वल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला गाल दाबला आणि पुटपुटला, "येडा झाला बिचारा."

"येडा कोनाला बोलतंस?" नजमुद्दीन म्हणाला.

करमअलीच्या हातातून जाळं गळून पडलं, हे त्याने स्वतः मला सांगितलं. कानाचे पडदे फाटले होते, आतला कान जिवंत होता. लाकडातून हाडात आणि हाडातून आत, अशी वाट उघडीच होती. त्याचा स्वतःचा आवाज त्याच वाटेने त्याला मोठा ऐकू यायचा, म्हणून तो हळू बोलायचा. हे मला पुढे एका शहाण्या डॉक्टरांनी समजावलं. हा आमच्या गावचा शहाणपणा! जे हातात हवं, तेच वल्हं आम्ही त्याच्यापासून लांब ठेवलं.

होडी लागली तेव्हा पडवीत मंडळी जमली होती. ओल्या लुंगीनिशी, हातात वल्हं घेऊन मुलीचा बाप आत शिरला. वरपक्ष चपापला, म्हातारा मारामारीला आला की काय! करमअली सगळ्यांना हातानेच गप्प करत होता. पडद्याखालून वल्हं आत सरकलं. गुलबानूने त्याचं टोक मुलीच्या हनुवटीला दाबून धरलं. इकडचं टोक नजमुद्दीनच्या दातांत. तोंडात लाकूड घेऊनच त्याने बोबडं विचारलं.

आत शांतता. पुन्हा विचारलं, पुन्हा शांतता. काझीसाहेब हळहळले, "बिचाऱ्याला ऐकू येत न्हाय."

नजमुद्दीनने बोट वर केलं. ती अजून बोललीच नव्हती, हे पडद्याबाहेर त्याच्याइतकं खात्रीने कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्यांदा विचारल्यावर आतून "हो" आला, इतका बारीक की पडद्याशी बसलेल्या साक्षीदारांनी जेमतेम ऐकला. नजमुद्दीनच्या डोळ्यांतून पाणी वल्ह्यावर गळू लागलं. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. काझीसाहेबांनी वही उघडली, मंडळी सावरून बसली. तरी हा उठेना. त्याने पुन्हा दात रोवले आणि चौथ्यांदा विचारलं.

"अरे, तीनदा झालं!" करमअली त्याचा खांदा हलवून म्हणाला.

नजमुद्दीनने दात क्षणभर सोडवले. "ते निकाहाचं झालं," तो म्हणाला. "आता माजं."

आणि आतून मासूमा हसत, सगळ्या पडवीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "व्हय, अब्बा, व्हय!"