पुण्याच्या सर्व्हरवरचे आप्पा

कुरकुंभच्या केमिकल कारखान्यात पाच वर्षं काढलेला माणूस तिथून काहीतरी घेऊनच बाहेर पडतो. बाकीच्यांनी खोकला आणला, मी किस्से. दोन्ही कमी व्हायचं नाव घेत नाहीत!

कॉम्प्युटर नवे होते, तेव्हाची गोष्ट. आमचा सर्व्हर पुण्याला, हेड ऑफिसात. चूक झाली की स्क्रीनवर काय दाखवायचं, त्या सगळ्या मेसेजची वर्णनं तिथल्या एका फाइलीत. मी जावा भाषेत एक क्लास, म्हणजे छोटा प्रोग्रॅम लिहिला. मेसेजचा नंबर दिला की तो पुण्याहून वर्णन आणायचा.

मॅनेजर साहेबांनी विचारलं, "म्हणजे करतो काय हा?"

"निरोप आणतो, सर."

"मग शिपाई कशाला ठेवलाय?"

*

डिस्पॅचला आप्पा होते. निमोण्याचे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. पहिल्याच दिवशी मेसेज आला, 'सुपरवायझरशी संपर्क साधा', तोही इंग्रजीत. आप्पांनी रीतसर अर्ज लिहिला, आवक नंबर घेतला आणि पोचपावतीची वाट बघत बसले!

*

वर्णनात मोकळ्या जागा असतात, त्यात मालाचं नाव आणि बॅच नंबर क्लासनं भरायचा. माझा क्लास ते विसरला. स्क्रीनवर नुसत्या रेघा! आप्पांनी बॉलपेननं काचेवरच त्या भरल्या, खाली सहीसुद्धा केली.

"आप्पा, हे काय?"

"मोकळी जागा दिसली की भरायची. तीस वर्षं तेच करतोय."

*

साहेब भडकले. "आठ दिवसांत कॉम्प्युटरवर काम जमलं नाही, तर आप्पांना गेटवर बसवतो!"

तीस वर्षं डिस्पॅच सांभाळलेला माणूस गेटवर? मला फार वाईट वाटलं. मी सर्व्हरवरच्या फाइलीत शिरलो, इंग्रजी वर्णनं पुसली आणि रोमन अक्षरांत आप्पांची भाषा घातली. 'आप्पा, बॅच नंबर राह्यला. परत बघा.'

आप्पांचं काम सुसाट सुटलं! मी एकच विसरलो, फाइल सगळ्यांना मिळून एकच होती.

आठव्या दिवशी हेड ऑफिसात डायरेक्टर पाहुण्यांना सिस्टिम दाखवत होते. त्यांनी बॅच नंबर न टाकताच एंटर दाबलं. पाहुण्यांसमोर स्क्रीनवर 'आप्पा, बॅच नंबर राह्यला'!

इकडे साहेबांचा फोन वाजला. ते उभे राहूनच "येस सर, येस सर" करत होते. मग रिसीव्हर आप्पांच्या हातात दिला. "डायरेक्टर आहेत. तुम्हालाच मागतायत."

मी मनात म्हटलं, आता दोघंही घरी!

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय... व्हय... न्हाई ओ, बॅच नंबर तिथं नसतो. मालाचं चलन उलटं करा, मागं हाय. आन् आधी चष्मा लावा!"