भिंतीवर पाण्याचे पट्टे

शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. माझी शाळा लवकर सुटली, शब्द साधेच येतात. पण आमच्या हिवतापाच्या फवारणी टोळीत संध्याकाळी चार जण पाय पसरून बसले, की किस्से आपोआप साचतात. कुणीतरी लिहायला हवेत, म्हणून मी लिहितो.

पुण्याचे साहेब आम्हाला शिकवायला घोटावड्याला आले. डास, ताप, औषध, पंप, नळी, सगळं एका दिवसात सांगितलं. शेवटी त्यांनी आमच्यातल्या दगडूला विचारलं, काय ध्यानात राहिलं?

दगडूनं बराच विचार केला. "साहेब, डासाचं पाय लई लांब असत्यात."

साहेब गेले. आमचे मुकादम अमीनचाचा. त्यांनी पंपात नुसतं पाणी भरलं. "आज फकस्त हात. नळी वरनं खाली, सावकाश. बाकीचं इसरा."

आम्ही चावडीच्या भिंतीवर ओले पट्टे ओढत राहिलो. ते उन्हात चमकायचे, विरून गेले की आम्ही पुन्हा ओढायचो. जाता जाता एक म्हातारी थांबली. "भिंतीला कोंब फुटायचं हायेत व्हय रं?"

दुपारी दगडू आंब्याखाली झोपला. झोपेत त्याचा हात वरून खाली, वरून खाली. आम्ही हसत उठवायला गेलो, तर चाचांनी अडवलं. "निजू द्या. आता शिकतोय त्यो."

पुढे आम्ही मुळशीला असताना तीन नवे गडी आले, आणि नेमके चाचाच तापानं पडले. शिकवायचं माझ्यावर आलं. दोन दिवसांनी साहेब येऊन बघणार होते. ज्या नव्या गड्याला जमणार नाही त्यानं घरी जायचं. मला तर चार माणसांपुढे बोलता येत नाही. साहेबांनी सांगितलेलं सगळं पाठ केलं आणि चाचांच्या खाटेपाशी म्हणून दाखवलं.

"ह्यातलं काय काढशील?" चाचा म्हणाले.

मी डास काढले.

"अजून."

औषध काढलं. दाराबाहेर धरणाचं पाणी निळं, गप्प पसरलं होतं. त्याकडे बघत मी एकेक काढत गेलो. शेवटी नळी आणि भिंत उरली. चाचा हसले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे गडी भिंतीपुढे येऊन बसले. मी पंपात नुसतं पाणी भरलं. भिंतीवर एक पट्टा ओढला, वरून खाली, सावकाश, आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. पट्टा कडांनी फिका होत गेला. चौघंही बघत राहिलो.

भिंत कोरडी झाली, तसा त्यांतला एक जण उठला.

"आता मी ओढू?"

मी पंप त्याच्या खांद्याला अडकवला.