शाईखाली उरलेला गणपती

आमच्या घरात मला कलाकार म्हणतात. हे कौतुक नाही. कॉलेजात असताना मला फोटोग्राफीचा नाद लागला आणि घरातलं एकुलतं एक न्हाणीघर मी डार्करूम म्हणून ताब्यात घेतलं. खिडकीला काळं कापड, लाल दिवा, पाटावर तीन ट्रे. बाहेर खांद्यावर पंचे टाकून घरची माणसं ताटकळत उभी, आणि आतून माझा आवाज, "दार उघडू नका, कागद जाईल." माझी कारकीर्द त्या न्हाणीघरात सुरू झाली आणि तिथल्याच मोरीतून वाहून गेली. मागे राहिला तो फोटोच्या कागदाचा एक न फोडलेला खोका. पुढे आम्ही घर बदललं, माळा बदलला, पण खोका सामानाबरोबर येत राहिला.

"हे कशाला ठेवलंय?" बायको दर दिवाळीत विचारायची.

"लागेल कधीतरी."

हे वाक्य मी घरातल्या बऱ्याच वस्तूंबद्दल बोललो आहे. त्यातली खरोखर लागली ती ही एकच. लागली गेल्या गणपतीत, आणि ती आत्येमुळे.

आमची आत्या लांज्याला दिलेली. माझे वडील गेले, काका गेले, त्या पिढीतली आता ती एकटीच. गणपतीला माहेरी यायचं तिने कधी चुकवलं नाही. एसटीतून उतरली की रिक्षा करून दारात यायची आणि पाय धुवायच्या आधी मखराला नावं ठेवायची. "यंदा काय, जत्रेतलं दुकान मांडलंय?" हे ऐकल्याशिवाय आमचा गणपती बसलाय असं आम्हाला वाटत नसे. गेल्या श्रावणात मात्र अंगणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यावरून तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला दोन माणसांच्या आधाराने खुर्चीपर्यंत जायची परवानगी दिली होती, आमच्या रत्नागिरीपर्यंत नव्हती.

गणपती बसले त्या दुपारी मी तिला व्हिडिओ कॉल लावला. फोन धरून मी मखरासमोर गुडघ्यांवर बसलो.

"दिसला का, आत्ये?"

"तुझी नाकपुडी दिसली. केस काप त्यातले."

मी फोन फिरवला.

"आता?"

"आता नुसता उजेड दिसतोय रे. आणि तो हालतोय. गणपती कधी हालतो काय? माझ्या डोळ्यांना ह्यातलं काही कळत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "कागदावर काढून आण मला. डोळ्यांजवळ धरून बघेन. पण तो घरात आहे तोवर आण हां. गेल्यावर फोटो बघून काय करू?"

आमचे गणपती गौरींबरोबर जातात. म्हणजे विसर्जनाच्या आत तो फोटो लांज्याला पोचायला हवा होता. फोन ठेवल्यावर आत्येची सून वेगळ्या फोनवरून हळूच म्हणाली, "भावजी, आणाच. रोज विचारतात, माझा गणपती चुकला का म्हणून. जेवणपण धड नाही."

घरात प्रिंटर होता. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून त्यावर विजेची बिलं आणि माझे आयकराचे कागद एवढंच निघायचं. साध्या कागदावर गणपतीचा फोटो काढला, तर कागद पापडासारखा वर आला आणि रंग फिके.

बायकोने चष्मा वर करून बघितलं. "ह्यात सोंड कुठली?"

"ही."

"ती माझ्या शालूची घडी आहे."

मखरामागे तिने तिचा गडद लाल शालू लावला होता. शाडूची मूर्ती, गोरीपान, तांबूस झाक असलेली, पिवळा पितांबर. त्या लालावर ती अशी उठून दिसायची की बघत राहावं. कागदावर मात्र सगळा एकच लगदा. फोटोचा चकचकीत कागद हवा होता. बाजारात दोन दुकानं बंद, तिसऱ्याचा मालक गावी गणपतीला. आणि मग मला माझा खोका आठवला.

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की फक्त लाल दिव्यात उघडा. मी ते वाचलं आणि गालात हसलो. आपल्याला कुठे हा डेव्हलप करायचाय? आपल्याला नुसती शाई मारायची. उजेड लागला तर लागू दे. माझ्या अर्धवट ज्ञानाचं एक वैशिष्ट्य आहे, ते चुकायच्या आधी मला फार हुशार वाटतं. गौरी जेवायच्या दिवशी सकाळी, सगळ्या खिडक्या उघड्या असताना, मी तो खोका ओटीवर फोडला. काळ्या प्लास्टिकच्या आत कागद. जाड, जड, गुळगुळीत, हाताला गार. प्रिंटरने तो कण्हत कण्हत ओढला आणि दुसऱ्या बाजूने गणपती यायला लागला. मुकुट, डोळे, सोंड, प्रत्येक दागिना वेगळा. मी बायकोला हाक मारली. ती आली, चष्मा नीट बसवला आणि जवळ वाकून बघत राहिली.

मग मी बोट लावलं. बोट लाल झालं.

शाई कागदात शिरेच ना. वर दवासारखी बसून राहिली. पंख्याखाली ठेवला, वाळेना. तेवढ्यात भाद्रपदातलं लख्ख ऊन पडलं, म्हणून मी तो पडवीत खुर्चीवर वाळत घातला आणि जेवायला बसलो. मोदक होते. मोदकांनंतर माझी जी अवस्था होते ती झाली. जाग आली ती पावसाच्या सरीने. धावत पडवीत गेलो तर वाऱ्याबरोबर पाऊस आत आलेला, शाईचे ओघळ खुर्चीवरून फरशीवर उतरलेले, आणि कागदाच्या ज्या कडा पांढऱ्या होत्या त्या जांभळ्या. गणपतीचं तोंड जांभळं. पोटसुद्धा.

"हे काय केलंत?" बायको म्हणाली.

"ऊन लागलं."

"गणपतीला?"

मी तो कागद चुरगळायला घेतला, तर तिने माझा हात धरला. "कचऱ्यात टाकणार तुम्ही? गणपती आहे तो." बरोबर होतं तिचं. आमच्याकडे लग्नपत्रिकेवरचा गणपतीसुद्धा कापून ठेवतात आणि पाण्यात सोडतात. तिने स्वच्छ बादली भरली, त्यात अक्षता टाकल्या, आणि मला म्हणाली, "सोडा ह्यात. नीट सोडा."

मी कागद पाण्यात सोडला. शाई सुटायला लागली. लाल, पिवळी, काळी, धुरासारखी वर येत पाण्यात पसरली. बादली गढूळ झाली, खाली काही दिसेना. मी कागद बाहेर काढून टाकावा म्हणून हात घातला आणि वर काढला.

गणपती होता.

शाई सगळी गेली होती. कडेला पिवळट डाग राहिला असेल तेवढाच. पण कागदात, कागदाच्या आतच, गणपती बसलेला. गोरा नव्हे, सावळा. रातांब्याचं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, असतो तसल्या रंगाचं तोंड, त्याच रंगाची सोंड, तेच हात, आणि मागे जिथे लाल शालू होता तिथे फिकट, जवळजवळ पांढरा उजेड. पितांबरसुद्धा फिका. जे काळोखं होतं ते उजळलेलं आणि जे उजळ होतं ते गडद. हारातलं फूल न् फूल दिसत होतं.

मी उकिडवा बसून राहिलो. बायकोने ओले हात पदराला पुसले आणि जोडले.

झालं काय ते मला कळत होतं. हा कागद उजेडाने काळवंडणारा. जिथे शाई दाट होती, शालूवर, पितांबरावर, तिथे तिने ऊन अडवलं, तिथला कागद वाचला. जिथे शाई पातळ, तोंडावर, पोटावर, तिथून ऊन आत गेलं. शाईने सावली धरली आणि सूर्याने चित्र काढलं. मी हे असं अगदी शहाण्यासारखं बायकोला समजावून सांगितलं. शास्त्र माहीत असलं म्हणून अंगावर काटा यायचा राहत नाही. न्हाणीघरात एवढे कागद वाया घालवले, त्यातल्या एकानेही मला असं उकिडवं बसवून ठेवलं नव्हतं. आणि हे माझ्या हातून घडलं तेसुद्धा मी झोपलेलो असताना.

"हाच न्या आत्यांना," बायको म्हणाली.

"हा टिकायचा नाही. ह्याला पक्कं करायचं औषध आता इथे मिळत नाही. उजेड दिसेल तसा बाकीचा कागदपण काळवंडत जाणार. मग सगळं एकच."

"मग उजेड दाखवू नका. पण न्याच."

विसर्जनाच्या दिवशी सकाळी कागद वाळला होता. तो खोक्यातल्या काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर टॉवेल बांधून, मी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. हायवेचं काम चालूच होतं. प्रत्येक खड्ड्याला मी मागे वळून बघत होतो, जसं काही लहान मूल झोपवलंय.

आत्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. पांढरे केस विंचरलेले, जरीचं लुगडं नेसलेली. सुनेने सांगितलं, पहाटेपासून अशी तयार आहेत. बारीक झाली होती. मला बघून म्हणाली, "आणलास?"

"आणलाय. पण आत्ये, आधी खिडकी लावतो."

"का? त्याला वारा बाधतो?"

सुनेने खिडकी ओढून घेतली, पडदा सोडला. त्या अर्ध्या काळोखात मी प्लास्टिक उलगडलं आणि कागद तिच्या हातांत दिला. तिने तो डोळ्यांपासून चार बोटांवर धरला. मग हळूहळू, वरून खाली, जशी ती आमच्या मखरासमोर उभी राहून बघायची तशी, मुकुटापासून पायांपर्यंत बघत गेली. मी तिच्या टोमण्याची वाट बघत होतो.

"सावळा झालाय," ती म्हणाली.

"ऊन लागलं त्याला."

"सगळा दिसतोय पण. दात दिसतोय." तिने बोटाच्या टोकाने दात दाखवला. अगदी बरोबर जागी. "तुझ्या त्या फोनात नव्हता हा." मग म्हणाली, "खिडकी उघड. नीट बघू दे."

मला सांगावंच लागलं. उघडली तर तो जाईल. एकदम नाही, हळूहळू. आणि एकदा गेला की परत यायचा नाही.

आत्या कागदाकडे बघत राहिली. सून माझ्याकडे बघत होती. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, तिकडे कोणी गेलं नाही.

"आज काय आहे?" आत्येने विचारलं.

"विसर्जन."

"मग मी त्याला काळोखात डांबून ठेवू होय? उघड."

मी खिडकी उघडली. लांज्यालाही त्या दिवशी ऊन होतं, ते थेट तिच्या मांडीवर आलं. तिने कागद मांडीवर सपाट ठेवला. आणि मग ती गाऱ्हाणं घालायला लागली. आमच्याकडे मूर्ती हलवायच्या आधी घरातला कर्ता पुरुष देवाला गाऱ्हाणं घालतो. बायका मागे हात जोडून उभ्या. लग्न करून दिलेल्या लेकीला तर तिथे तोंड उघडायचं काही कामच नाही. पण तिला सगळा क्रम पाठ होता. घराण्याचं नाव घेतलं, गेलेल्या भावांची आठवण केली, आम्हा पोराबाळांना एकेक करून त्याच्या पदरात घातलं. मला घालताना म्हणाली, "ह्याला अक्कल उशिरा येते, पण येते." मग तिचा आवाज खाली आला.

"यंदा मी आले नाही. तू आलास. आता पुढल्या वर्षी पुन्हा तुला हा त्रास नको. मला तिथवर पोचव, दारापर्यंत पोचव, पुढचं मी बघते. आणि नाहीच पोचवलंस, तर एवढं भेटलास ते पुष्कळ झालं."

ती बोलत असताना कागदावरचा उजेड बदलत होता. फिकट भाग आधी कोकम सरबतासारखा गुलाबी झाला. मग त्यात जांभळी छटा आली, कडेकडून, भरतीचं पाणी पुळणीवर चढतं तशी. पितांबर बुडाला. हार बुडाला. मागचा उजेड गणपतीच्या खांद्यांपर्यंत चढला आणि त्याच्याच रंगाचा झाला. मी आयुष्यभर समुद्रावर विसर्जनं बघितली आहेत, पण तिथे मूर्ती खाली जाते आणि क्षणात दिसेनाशी होते. हे मी पहिल्यांदा पाहिलं, की पाणी येतंय आणि तो बसल्या जागी, जराही न हलता, त्यात मिसळतोय. शेवटी सोंडेची कड राहिली. आत्येने तिच्यावर हात ठेवला. हात काढला तेव्हा कागद सगळा एका रंगाचा होता.

मग आत्या सुनेला म्हणाली, "भूक लागली गो. काय केलंयस?"

ती जेवली. मी समोर बसून बघितलं, भात दोनदा घेतला. कागद तिने मला दिला नाही, मीही मागितला नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आरती होऊन सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. बायकोने दारातच विचारलं, "दिसला त्यांना?"

"दिसला. पोचवूनपण झाला."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि बाजूला होऊन मला आत घेतलं. आता गाऱ्हाणं घालायचं माझ्याकडे. वडील गेल्यापासून दर वर्षी मी ते पुटपुटत उरकतो, कारण अर्धं आठवत नाही. ह्या वेळी मी मूर्तीसमोर उभा राहिलो, आणि घराण्याच्या नावापासून सुरुवात केली, जसं सकाळी ऐकलं होतं तसं, एकेक माणूस घेत. माझ्या अकलेचा भागसुद्धा वगळला नाही. मागून कोणीतरी हसलं. आत्येच्या मोडलेल्या पायासाठी मागायची वेळ आली तेव्हा मात्र मी थांबलो, आणि देवाला एवढंच म्हटलं की ते तिने तुला स्वतः सांगितलंय.